ऊसतोडीला निघण्याआधी: उचल, वही आणि कागद कसे सांभाळावेत

साखर कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात त्या जागेत, मोळी पडली की गळीत हंगाम सुरू झाला, असे आपण म्हणतो. पण बीड, पाथर्डी, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यातील घरांचा हंगाम त्याच्या तीन-चार महिने आधीच सुरू झालेला असतो. आषाढ-श्रावणात मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा मध्यस्थ, उचलीचे म्हणजे आगाऊ मजुरीचे पैसे घेऊन दारात येतो आणि कुटुंब ते घेते, त्याच दिवशी पुढच्या थंडीतली मजुरी विकली जाते. त्यामुळे हिशेबाची वही फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, पोचल्यावर नव्हे, तर उचल हातात घेण्यापूर्वी उघडली पाहिजे. पुढचा सगळा मजकूर या एका आग्रहापोटी लिहिलेला आहे. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांना तो उपयोगी पडेल. त्याहूनही अधिक तो ऊसतोड कुटुंबांतील दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या मुलामुलींना पडेल, कारण घरातला हिशेब तेच ठेवू शकतात.

या वहीत लिहायचे काय, हे समजण्यासाठी आपल्या श्रमाची जागा आधी ओळखावी लागते. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून पश्चिम महाराष्ट्रातील गावांत बँका, दूधसंघ, शाळा, महाविद्यालये, रस्ते अशी जी भरभराट झाली, तिच्या मुळाशी ऊस आहे. तो ऊस वेळेत तोडून कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचवणारे हात मात्र बहुतांशी दुष्काळी पट्ट्यातून येतात. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. तो वाळतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो, म्हणून शक्यतो एका दिवसाच्या आत त्याचे गाळप व्हावे लागते. कारखान्याची यंत्रे किती टन गाळू शकतात यापेक्षा आज फडात किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, आहेत, यावर कारखान्याचा दिवस ठरतो. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात सुमारे १३२० लाख टन उसाचे विक्रमी गाळप झाले आणि साखर सुमारे १३७ लाख टन निघाली. त्या वर्षी तोडणीला मजूर कमी पडल्यामुळे मराठवाड्यातला ऊस उन्हाळाभर फडातच उभा राहिला, हंगाम जूनपर्यंत लांबला आणि उशिरा गाळलेल्या उसासाठी शासनाला अनुदान द्यावे लागले. ज्या श्रमाच्या तुटवड्याने एवढी यंत्रणा अडते, त्या श्रमाचा हिशेब चिटोऱ्यावर किंवा मुकादमाच्या एकट्याच्या वहीत असू नये, एवढे तरी यातून मान्य व्हावे.

उचल घेण्यापूर्वी करायचे गणित

उचल म्हणजे पगार नव्हे आणि मदतही नव्हे. ती टनांत फेडायची आगाऊ रक्कम आहे. म्हणून आकडा रुपयांत ऐकला की लगेच तो टनांत करून पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि मूळ तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. हा करार २०२३-२४ पासून तीन हंगामांसाठी होता. त्यामुळे ज्या वर्षी आपण निघणार आहोत त्या वर्षी लागू असलेला दर मुकादमाच्या तोंडून नव्हे, तर कारखान्याच्या शेती विभागातून किंवा संघटनेकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायरगाडी, ट्रक-ट्रॅक्टरची टोळी या तोडणी-वाहतुकीच्या प्रत्येक पद्धतीचा दर वेगळा असतो, हेही तिथे नमूद करावे.

आता गणित. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, ८०,००० रुपये उचल घेतली. ३६६ ने भागले तर सुमारे २१९ टन ऊस तोडल्यावर ती फिटते. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. सरासरी पावणेदोन टन धरले तर १२५ दिवस लागतात, तेही एकही खाडा, म्हणजे कामाला सुट्टी, न करता. त्यात फडावर किराण्यासाठी घेतलेली खर्ची मिळवावी लागते. पंधरवड्याला १,५०० रुपये या हिशेबाने सात पंधरवड्यांचे १०,५०० रुपये होतात. म्हणजे देणे ९०,५०० रुपयांवर जाते, टन २४७ होतात आणि दिवस १४१. आता हंगाम १०० दिवसांतच संपला तर काय होईल, हे पाहावे. १०० दिवसांत १७५ टन, त्याचे ६४,०५० रुपये, म्हणजे २६,४५० रुपये अंगावर राहिले आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे आले. ही भीती कल्पनेतली नाही. २०२४-२५ चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला, ऊसही कमी होता आणि अनेक कारखान्यांचे पट्टे लवकर पडले, म्हणजे गाळप लवकर बंद झाले. त्या वर्षी मोठी उचल घेतलेल्या घरांना याचा फटका बसला.

म्हणून माझा सल्ला असा की उचल १०० दिवसांच्या कामात, खर्चीसह, फिटेल एवढीच घ्यावी. लग्न, आजारपण, बैलजोडी अशा कारणांनी जास्त घ्यावी लागते, हे मला माहीत आहे आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण तेव्हाही आपण किती टन आगाऊ विकले, हे त्या जोडीतील दोघांनाही माहीत असले पाहिजे. उचलीचा आकडा बायकोला पट्टा पडल्यावर कळतो, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. निम्मा ऊस ती तोडते, मोळ्या डोक्यावरून वाहून तीच गाडीवर चढवते, तेव्हा उचलीचा व्यवहार तिच्यासमोर व्हावा आणि वहीवर तिचीही सही किंवा अंगठा असावा.

पैसे घेताना पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: रक्कम अंकी आणि अक्षरी, तारीख, कारखान्याचे नाव, टनाचा दर आणि हंगाम लवकर संपला तर बाकी कशी फेडायची. शेवटची गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही आणि बहुतेक भांडणे तिथेच होतात. बाकीवर व्याज लावायचे नाही, हे ठरले असेल तर तेही लिहावे. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. मुकादम तसा आग्रह धरत असेल तर मजकूर आधी भरून घ्यावा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढावा. मुकादमाच्या बाजूनेही इथे विचार करायला हवा. तो स्वतः कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम उचलून ती टोळीत वाटतो आणि एखादा कोयता दुसरीकडे उचल घेऊन पळाला तर त्याचे घर बुडते. लिखापढीने त्याचेही रक्षण होते, हे त्याला समजावून सांगितले तर बहुतेक मुकादम सही करतात.

पिशवीतले कागद

निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ही नोंद लागते. या महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यायचे, असे ठरलेले आहे. हा निधी आपण तोडलेल्या टनावर उभा राहतो, म्हणून त्याचा लाभ मागताना संकोच करण्याचे कारण नाही. जोडीतील दोघांची नोंद स्वतंत्र करावी, कारण पुरुषाच्या एकाच ओळखपत्रावर घर चालवायची सवय पुढे विधवा बाईला फार महागात पडते. १६ ते ५९ वयाच्या प्रत्येकाने ई-श्रम कार्डही काढून ठेवावे.

शिधापत्रिकेची ई-केवायसी गावातच पूर्ण करावी. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे कोल्हापूर किंवा पुणे जिल्ह्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानात, कर्नाटकातसुद्धा, आधारचा अंगठा देऊन धान्य उचलता येते आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. म्हातारी माणसे गावी राहणार असतील तर थोडे धान्य त्यांनी गावात आणि उरलेले आपण फडाजवळ, असेही घेता येते. दुकानदार ‘तुमचे कार्ड इथले नाही’ म्हणाला तर तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाकडे तक्रार करावी.

बायकोच्या नावाचे चालू बँक खाते, आधारच्या प्रती, गरोदर बाई किंवा लहान मूल असल्यास माता-बाल संरक्षण कार्ड आणि सातबारा असल्यास त्याचा उतारा, हे सगळे प्लास्टिकच्या जाड पिशवीत ठेवावे. सातबारा फडावर कशाला, असे कोणी विचारेल. आपल्यातील अनेक घरांकडे एक-दोन एकर कोरडवाहू जमीन असते. खातेदार शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अपघात फडावर झाला म्हणून तो हक्क संपत नाही.

फडावरची रोजची नोंद

आता मुख्य काम. दोनशे पानी वही, एक पेन आणि रोज रात्री भाकरी झाल्यावरची दहा मिनिटे, एवढे पुरेसे आहे. एका ओळीत तारीख, फड कोणत्या गावचा, गाडीचा नंबर, वजनपावतीचा क्रमांक, टन, त्या दिवशी कामावर असलेले कोयते आणि आपल्या कोयत्याचा वाटा लिहावा. उदाहरणार्थ, दहा कोयत्यांच्या टोळीने दोन ट्रॉल्या भरल्या आणि काट्यावर १८ टन वजन आले, तर प्रत्येक कोयत्याला १.८ टन, म्हणजे ६५८ रुपये ८० पैसे. त्याच दिवशी दोन कोयते आजारी असतील आणि आठांनीच गाडी भरली असेल, तर वाटा २.२५ टन होतो. कोयत्यांची संख्या न लिहिल्यामुळे पंधरा दिवसांनी नेमका हाच फरक सांगता येत नाही आणि टोळीत वाद सुरू होतात.

वजनपावती गाडीच्या चालकाकडे किंवा मुकादमाकडे जाते, आपल्याकडे येत नाही. म्हणून गाडी काट्यावरून परतली की पावतीचा फोटो मागून घ्यावा. टोळीतील एका तरुण मुलाने किंवा मुलीने हे काम अंगावर घेतले, तर सगळ्या कोयत्यांचे काम भागते. पाचटाची किंवा मोळीबांधणीची कपात काट्यावर झाली असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहावी, वजनात मिसळू नये. एका हंगामात मी एका टोळीला सगळ्या पावत्या जपून ठेवायला सांगितले होते. त्यांनी त्या कोपीच्या (फडावरच्या झोपडीच्या) आढ्याला पुडके बांधून ठेवल्या. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला आणि दोन महिन्यांच्या पावत्यांचा लगदा झाला. फोटो काढायला सांगायचे मला सुचले नव्हते. त्या टोळीचा हिशेब शेवटी मुकादमाच्या तोंडी आकड्यावर मिटला आणि तो आकडा बरोबर होता की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. तेव्हापासून मी पावती आणि फोटो दोन्हीचा आग्रह धरतो.

वहीच्या मागच्या बाजूने दुसरा हिशेब सुरू करावा. त्यात खर्ची किती घेतली, किराणा कोणाच्या नावावर आला, दवाखान्याला मुकादमाने किती दिले, खाड्याचे पैसे किती कापले आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून किती आले, हे लिहावे. वाढ्यांचा पैसा बहुतेक बाईच्या हातात येतो आणि घरखर्चात विरून जातो. तो लिहिला की घर चालवण्यात तिचा वाटा किती, हे कागदावर दिसते. मुकादमाचे कमिशन कारखाना मजुरीवर ठरावीक टक्क्यांनी वेगळे देतो. ते आपल्या टनाच्या दरातून कापले जात असेल तर ते चुकीचे आहे, आणि हे दाखवून देण्यासाठी पहिल्या पानावर लिहिलेला दर कामाला येतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण फडाच्या बांधावर ते रोज समोर येते. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा करतो. २०२५-२६ साठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसासाठी मिळायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्या तुलनेत जोडीच्या हाती येणारे ३६६ रुपये साधारण एक दशांश होतात. शेतकऱ्याला वाटते, तोडणी महाग झाली. तोडणाऱ्याला वाटते, हाती काही उरत नाही. दोघांचेही खरे आहे. खुशालीच्या नावाने टोळीने शेतकऱ्याकडून वर पैसे घेतले की हा ताण आणखी वाढतो. पैसे घेतलेच असतील तर तेही वहीत लिहावेत, म्हणजे ते टोळीत वाटले गेले की एकाच्याच खिशात गेले, हे कळते.

मुले आणि बाईचे शरीर

मुलांना बरोबर न्यायचे की गावी ठेवायचे, हे ठरवताना आधी शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची जेवणाची सोय त्यातून होते. मोठ्या मुलामुलींसाठी तालुक्याला संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे का, तेही पाहावे. मूल बरोबर न्यायचेच असेल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे. ते दाखवल्यावर फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेला मुलाला बसवून घ्यावेच लागते, दाखल्यासाठी अडवता येत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडावर नेली की तिची शाळा सुटते आणि दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. हे इतक्या घरांत घडताना पाहिले आहे की शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: पटावरचे नाव कमी करण्याऐवजी दिवाळीपूर्वी त्या घरी एकदा जाऊन या.

गरोदर बाईने पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच फडाजवळच्या अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव सांगावे. पोषण आहार आणि लसीकरण गावाला बांधलेले नाही. पाळीच्या त्रासासाठी गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर लगेच होकार देऊ नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, सोनोग्राफीचा अहवाल स्वतःजवळ ठेवावा आणि पाळीच्या दिवसांतले खाडे वहीत कारणासह लिहावेत. खाड्याचा दंड वाचावा म्हणून शरीराचा अवयव काढण्यापर्यंत गोष्ट जाते, हे मुकादमाला तोंडावर सांगण्याची वेळ आली तर सांगावे.

साप, बिबट्या, ट्रॉलीखाली सापडणे या अपघातांत आधी १०८ वर फोन करावा. पोलिसांत नोंद आणि रुग्णालयाचे कागद त्याच दिवशी मिळवावेत, कारण पुढचा प्रत्येक दावा त्यावरच उभा राहतो.

अडवून धरले तर

उचल फिटली नाही म्हणून टोळीला परत जाऊ न देणे, घरातल्या एका माणसाला डांबून ठेवणे किंवा बैल, ट्रॅक्टर अडवणे हा हिशेबाचा वाद राहत नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि असे कर्ज कायद्याने संपुष्टात येते. तातडीने ११२ वर फोन करावा आणि जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात किती टन तोडला, किती खर्ची घेतली आणि किती बाकी सांगतात, हे वहीतून उतरवावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीचे बळी यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

बेळगाव किंवा बागलकोटकडे जाणाऱ्या टोळ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता आणि त्याला सामावून घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेतील स्थलांतरित कामगाराची व्याख्याही त्यांच्यासाठीच आहे. बीडहून कोल्हापूरला जाणारा मजूर तीनशे किलोमीटर दूर गेला तरी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून राज्यात राहणाऱ्यांसाठी महामंडळाची नोंद आणि उचलीचा कागद यांचे महत्त्व आणखी वाढते.

पट्टा पडल्यावर

कारखान्याचा पट्टा पडला की सामान बांधण्याआधी हिशेबाला बसावे. पुढे येणाऱ्या गाडीत बायका-मुले चढून बसली की पुरुष घाईने मान डोलावून निघतो, असा अनुभव आहे. टोळीतील निदान तीन कोयत्यांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसावे आणि एकूण टन कारखान्याच्या यादीशी ताडून पाहावेत. शेती विभागाकडे टोळीनिहाय टनांची नोंद असते आणि ती मागता येते. मजुरीतून उचल, खर्ची आणि खाडे वजा करून उरलेली रक्कम ‘येणे’ की ‘देणे’, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. येणे असेल तर ते कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर मिळणार, हे लिहून घ्यावे. त्या ओळीखाली मुकादमाची आणि जोडीतील दोघांची सही घ्यावी आणि तिथेच त्या पानाचा फोटो गावातल्या एका विश्वासू माणसाला पाठवावा.

गावी पोचल्यावर ही वही ट्रंकेत टाकू नये. नवी वही आणून तिच्या पहिल्या पानावर मागची बाकी अंकी आणि अक्षरी उतरवावी. एका कोयत्याने गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती दिवस काम केले आणि दिवसाला सरासरी किती टन तोडला, हेही दोन ओळींत लिहावे. श्रावणात मुकादम दारात आला की घरातल्या मुलीने तेच पान उघडावे आणि पैसे हातात घेण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवावे.